अन्नाची ओढाताण असलेल्या घरांना मदत करायची आहे? सुरुवात अशी करा

पोषणाच्या कामात नव्याने उतरणारे बहुतेक गट एकाच टोकाकडून सुरुवात करतात. धान्य गोळा करायचं, पिशव्या भरायच्या, वाटून मोकळं व्हायचं. पहिलं वाटप दणक्यात होतं, कारण उत्साह ताजा असतो आणि देणारेही सहज मिळतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू लक्षात येतं की काही घरांत तेच सामान पडून आहे, काहींना ते चार दिवसही पुरलं नाही, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यातली निम्मी घरं यादीतच नव्हती. वाटप ही या कामाची चौथी पायरी आहे. आधीच्या तीन पायऱ्यांना वेळ दिला तर सामान कमी लागतं आणि ते योग्य घरात पोचतं.

## पहिली पायरी: नेमकं अडतंय कुठे?

१९९६ मध्ये रोमला जागतिक अन्न शिखर परिषद भरली होती. तिथे ठरलेल्या व्याख्येचा गाभा असा: सगळ्या माणसांना, सगळ्या काळी, निरोगी आणि कार्यक्षम आयुष्यासाठी पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे. त्यातून चार बाजू मानल्या जातात. उपलब्धता, पोहोच, वापर आणि स्थैर्य. शब्द पुस्तकी आहेत, पण घरोघरी फिरताना यांच्याइतका उपयोगी नकाशा दुसरा नाही.

भागात अन्न आहे का, ही उपलब्धता. आहे, पण या घराला ते विकत घेता येतं का, तिथवर जाता येतं का, ही पोहोच. घरात आलेलं अन्न शिजवायला इंधन, भांडी, स्वच्छ पाणी आणि वेळ आहे का, आणि खाल्लेलं अंगी लागतंय का, हा वापर. आणि आज आहे ते पुढच्या महिन्यात असेल का, हे स्थैर्य. पाणी दूषित असल्यामुळे ज्या घरातल्या मुलाला सतत जुलाब होतात, तिथे धान्याची आणखी एक पिशवी नेऊन फारसं काही साधत नाही. ज्या घरातल्या दोन्ही कर्त्या माणसांना पहाटे बाहेर पडून रात्री परतावं लागतं, तिथे भिजवून तासभर शिजवायची कडधान्यं डब्यातच राहतात.

नव्या माणसांची एक समजूत लवकर दूर झालेली बरी: अन्नच कमी आहे म्हणून लोक उपाशी राहतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवलं की तिथे लाखो माणसं मेली त्यामागे धान्याच्या तुटवड्यापेक्षा मोठं कारण वेगळं होतं. भाव चढले, मजुरी त्या वेगाने वाढली नाही, आणि भूमिहीन मजुरांच्या हातून धान्य विकत घेण्याची ताकदच गेली. आपल्या छोट्या कामातही हेच चित्र दिसतं. दुकानं भरलेली असतात आणि शेजारच्या घरात रात्रीचं जेवण टळलेलं असतं.

दुसरी समजूत डोळ्यांवर भरवसा ठेवण्याची. अंगाने भरलेली बाई पाहून ‘इथे काही कमी नाही’ असा निष्कर्ष काढू नका. स्वस्त पिठूळ, तेलकट, गोड पदार्थांनी पोट भरतं, वजनही वाढतं, आणि रक्त मात्र कमीच राहतं. एकाच घरात आई जाड आणि मूल खुरटलेलं, हे जगभर आढळतं. हातातला मोबाईल किंवा अंगावरचे नीटनेटके कपडे पाहूनही घर यादीतून काढू नका. माणसं टंचाई आधी ताटात लपवतात, कपड्यांत ती सगळ्यात शेवटी दिसते.

ही ताटातली लपवालपवी बहुधा एका क्रमाने होते. आधी काळजी सुरू होते: महिनाअखेरपर्यंत पुरेल ना? मग ताटातलं वैविध्य जातं. फळं, दूध, अंडी, भाजी एकेक करून कमी होतात आणि उरतं ते नुसतं धान्य. त्यानंतर मोठ्यांचे घास कमी होतात, त्यातही बहुतेकदा आईचे आधी. मुलांचं जेवण तुटायला लागलं म्हणजे घर फार पुढे गेलंय. आपल्याला घर सापडायला हवं ते या क्रमाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर.

## दुसरी पायरी: भाग पायी पालथा घाला

वही घेऊन, चपला झिजवून हे काम होतं. कोणते दिवस कठीण असतात ते विचारा. पगाराच्या आधीचा आठवडा, काम नसलेला हंगाम, नवं पीक हाती येण्याआधीचे महिने, शाळांच्या लांब सुट्ट्या. सुट्टीचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. ज्या मुलांना शाळेत जेवण मिळतं त्यांचं ते जेवण सुट्टीत बंद होतं आणि घरावर तेवढाच ताण वाढतो.

कुणाला विचारायचं? शिक्षकांना, कारण डबा न आणणारी मुलं त्यांना ठाऊक असतात. आरोग्य सेविकांना. किराणा दुकानदाराला, कारण कुणाची उधारी वाढते आहे आणि कोण अलीकडे फक्त मीठ-तेल नेतंय हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही (मात्र त्याच्याकडून नावं मागू नका, गल्ली कळली तरी पुरे). घरकाम करणाऱ्या बायकांना, रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांना. आणि मुद्दाम शोधायची ती घरं: एकटे राहणारे म्हातारे, अपंगांना सांभाळणारी कुटुंबं, नुकतीच स्थलांतर करून आलेली माणसं, भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणारे. ही घरं आपण होऊन पुढे येत नाहीत.

याच फेरीत आधीपासून काय चालू आहे याची यादी करा. सरकारी धान्याची योजना, शाळेतलं जेवण, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीच्या सोयी, धर्मस्थळांची अन्नछत्रं, दुसऱ्या संस्थांची वाटपं. कुठे, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणती कागदपत्रं लागतात, सगळं लिहा. ही यादी पूर्ण झाली की कित्येकदा असं दिसतं की नवीन काही उभारायची गरजच नाही, असलेल्या सोयीपर्यंत माणसं पोचवली तरी अर्धं काम होतं. तसं दिसलं तर तेच करा. स्वतःच्या नावाचा उपक्रम हवा म्हणून तेच काम दुसऱ्यांदा सुरू करण्यात काही शहाणपण नाही.

## तिसरी पायरी: विचारायचं कसं

‘तुमच्या घरी खायला आहे का?’ असं दारात उभं राहून विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येणार. भूक कबूल करणं ही फार अवघड गोष्ट आहे, आणि शेजारी ऐकत असताना तर अशक्यच.

जगभर वापरून घासूनपुसून घेतलेले प्रश्न आपल्या हाताशी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक मोजपट्टी आहे. पैसे किंवा साधनं कमी पडल्यामुळे गेल्या बारा महिन्यांत असं झालं का, अशी तिची विचारणा असते. क्रम असा: अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली, आरोग्याला चांगलं, पोषक अन्न खाता आलं नाही, मोजकेच प्रकार खावे लागले, एखादं जेवण टाळावं लागलं, हवं त्यापेक्षा कमी खाल्लं, घरातलं अन्न संपलं, भूक असून खाल्लं नाही, दिवसभर काहीच खाल्लं नाही. बारा महिन्यांऐवजी गेल्या तीस दिवसांबद्दलही हेच प्रश्न विचारता येतात. मघाशी सांगितलेला काळजीपासून उपाशी दिवसापर्यंतचा प्रवास या प्रश्नांत तसाच उतरलेला दिसेल.

आठ प्रश्न जड वाटत असतील तर दोनांवरही भागतं. अमेरिकेत लहान मुलांच्या डॉक्टरांसाठी तयार झालेली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली दोन विधानांची एक चाळणी आहे. गेल्या वर्षभरात ‘पुन्हा पैसे हातात येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली’ आणि ‘घेतलेलं अन्न पुरलं नाही आणि आणखी घ्यायला पैसे नव्हते’. प्रत्येकाला तीनपैकी एक उत्तर द्यायचं: बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही. दोहोंपैकी एकालाही पहिल्या दोनांपैकी उत्तर आलं तर पुढे बोला.

प्रश्नांइतकंच महत्त्व ते विचारण्याच्या रीतीला आहे. सुरुवातीलाच सांगा, ‘हे आम्ही सगळ्याच घरांत विचारतोय.’ आणि खरंच सगळ्या घरांत विचारा. मुलांसमोर विचारू नका. मुलं ऐकत असली की आई कधीच खरं सांगत नाही, आणि चुकून सांगितलं तर ते ओझं मुलाच्या मनावर राहतं. बाईशी बाईने बोललेलं बरं. उत्तर देण्याची सक्ती नाही आणि नकार दिल्याने काही बिघडणार नाही, हे स्पष्ट बोलून दाखवा.

एक नियम मी अगदी कठोर मानतो: हाताशी काही नसेल तर हे प्रश्न विचारूच नयेत. एखाद्या बाईने ‘हो, काल जेवण टाळलं’ असं सांगितल्यावर आपण नुसती खूण करून पुढच्या दारात जाणं क्रूरपणाचं आहे. निदान त्या दिवसापुरता शिधा किंवा जवळच्या एखाद्या सोयीचा पत्ता आणि तिथे बरोबर येणारं माणूस, एवढं तरी तयार असायला हवं.

प्रश्न झाले की स्वयंपाकघराबद्दल बोला, पण तपासणीच्या सुरात नको. इंधन कोणतं, किती भांडी, पाणी किती वेळ येतं, उंदीर-किड्यांपासून सामान कुठे सुरक्षित राहतं, स्वयंपाक कोण करतं, शेवटी कोण जेवतं, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, म्हाताऱ्यांना चावता येतं का. या दहा मिनिटांच्या गप्पांवर पुढच्या पिशवीत काय जाईल ते ठरतं. वहीत मात्र कमीत कमी लिहा. घरांना क्रमांक द्या, नावांची यादी एकाच जबाबदार माणसाकडे कुलपात ठेवा. ती यादी गटाच्या व्हॉट्सॲपवर फिरता कामा नये.

## चौथी पायरी: काय द्यायचं, किती द्यायचं

इथे थोडं गणित करावंच लागेल, कारण सदिच्छेने भरलेल्या पिशव्या बहुतेक वेळा गणितात चुकतात.

आपत्तीच्या काळात मदत देणाऱ्या संस्था ‘स्फिअर’ या मानकांनुसार माणशी रोज सरासरी २,१०० किलोकॅलरी धरतात. त्यातली किमान दहा टक्के ऊर्जा प्रथिनांतून आणि किमान सतरा टक्के स्निग्ध पदार्थांतून यावी असा हिशेब आहे. कोरडं धान्य आणि कडधान्य शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे किलोकॅलरी देतं, तेल साधारण नऊशे. म्हणजे घर बाहेरून काहीच आणत नाही असं धरलं तर, बाकीची ऊर्जा कडधान्य आणि तेलातून आली तरी माणशी रोज चारेकशे ग्रॅम धान्य लागतं. पाच माणसांच्या घरात ते रोजचं दोन किलो आणि महिन्याचं साठ किलो होतं. आता पाच किलोची पिशवी डोळ्यांसमोर आणा. ती अडीच दिवसांची आहे.

यातून दोन रस्ते निघतात. घरात खरंच काही नाही, कमावणारा माणूस आजारी पडलाय किंवा गेलाय, अशा वेळी थोड्या घरांना पुरेसं द्या. पन्नास घरांना अडीच दिवसांचं देण्यापेक्षा पाच घरांना महिनाभराचं देणं मला केव्हाही पटतं, जरी फोटोत पन्नास घरं जास्त शोभत असली तरी. दुसरा रस्ता बहुसंख्य घरांसाठीचा. ही घरं धान्य कसंबसं मिळवतातच, कारण पोट भरायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. तिथे धान्यावर धान्य टाकू नका. ताटातून जे आधी गेलं तेच परत आणा: कडधान्यं, तेल, दूध, अंडी, शेंगदाणे, ताजी भाजी, फळं. हीच पिशवी वजनाला हलकी असते आणि ताटात जास्त फरक पाडते. मीठ द्याल तर आयोडीनयुक्तच द्या.

रोख रक्कम द्यावी का, हा वाद प्रत्येक गटात होतो. बाजार चालू असेल, भाव स्थिर असतील आणि अडचण निव्वळ पैशाची असेल, तर रोख किंवा दुकानाचं कूपन सगळ्यात चांगलं. घराला काय हवं ते घर ठरवतं, साठवण आणि वाहतुकीचा खर्च वाचतो, आणि पैसा त्याच भागात फिरतो. ‘उडवून टाकतील’ ही भीती देणाऱ्यांच्या मनात असते, पण टंचाईत घर चालवणारी बाई पै-पैचा हिशेब आपल्यापेक्षा कडक ठेवते. बाजारच बंद असेल किंवा भाव रोज चढत असतील तर मात्र वस्तूच द्याव्यात. चूल नसलेल्यांना, रस्त्यावर राहणाऱ्यांना आणि अंथरुणावरच्या माणसांना शिजलेलं अन्न द्यावं लागतं.

वस्तूच देणार असाल तर भरलेल्या पिशव्यांऐवजी टेबलं मांडून निवडीची सोय करता येईल का पाहा. धान्यातलं एक, कडधान्यांतली दोन, भाज्यांतल्या तीन, असं सांगायचं आणि घरच्या माणसाला उचलू द्यायचं. नको असलेलं सामान घरी जात नाही आणि वाया जाणं कमी होतं. शिवाय टेबलावर काय लगेच संपतं आणि काय तसंच राहतं, हे पाहून पुढच्या खरेदीचा निर्णय आपोआप होतो.

## उरलेलं अन्न गोळा करताना

दुकानांत आणि समारंभांत उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत फीनिक्स शहरात १९६७ मध्ये अशी पहिली अन्नपेढी उभी राहिली असं मानतात. कल्पना चांगली, पण नवख्या गटाने शिजलेल्या अन्नापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोरड्या आणि बंद पाकिटातल्या मालावर हात बसू द्या.

शिजलेल्या अन्नाला ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा धोक्याचा. या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम अन्न ६० च्या वर, थंड अन्न ५ च्या खाली, आणि साध्या हवेत ठेवलेलं अन्न दोन तासांच्या पुढे नको. शिजलेला भात विशेष फसवा असतो. त्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही, त्यामुळे ‘उकळून घेऊ, काही होत नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. किती वाजता शिजलं, कुणी शिजवलं, त्यात काय काय आहे, हे भांड्यावर चिकटवा. ही माहिती देणारा देऊ शकत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

पाकिटांवरच्या दोन प्रकारच्या तारखांत फरक आहे. ‘या तारखेपूर्वी सर्वोत्तम’ ही चवीची आणि दर्जाची तारीख, ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची. दुसरी उलटली की माल बाद. पहिलीबद्दल स्थानिक कायदा काय म्हणतो ते पाहून ठरवा. फुगलेले, गळके, शिवणीवर चेपलेले डबे काहीही झालं तरी घेऊ नका. आणि एक सोपी कसोटी: जे आपण आपल्या घरात खाणार नाही ते दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही.

## लहान मुलं: इथे घाई आणि हौस दोन्ही नको

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू, आणि त्यासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त अंगावरचं दूध चालू. जागतिक आरोग्य संघटनेचा हा सल्ला स्वयंसेवकांना पाठ असायला हवा, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कुणीतरी मोठ्या मनाने बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे देतं आणि आपण ते वाटतो. आईचं दूध कमी व्हायला लागतं, डबा संपतो, पुढचा परवडत नाही, मग पावडर पातळ करून, नाहीतर घाण पाण्यात कालवून दिली जाते. याच अनुभवांतून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. असे डबे देणगीत आले तर वाटपात ठेवू नका. ज्या बाळाला खरंच गरज आहे त्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. तुमच्याकडचं चांगलं अन्न आईला द्या.

वरच्या अन्नात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे पातळपणा. लहान बाळाचं पोट फार छोटं असतं, दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे जेमतेम एक पेला. तो पेला पाण्यानेच भरला तर अन्न जाणार कुठे? चमचा तिरका केल्यावर चटकन ओघळणार नाही इतकं अन्न दाट हवं. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत दिवसातून किमान दोनदा, नऊ महिन्यांनंतर किमान तीनदा.

वैविध्य मोजायला एक सोपी पद्धत आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी अन्नाचे आठ गट धरतात: अंगावरचं दूध, धान्यं आणि कंदमुळं, कडधान्यं-दाणे-बिया, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व देणाऱ्या भाज्या-फळं, इतर भाज्या-फळं. काल दिवसभरात पाच गट पोटात गेले का, एवढंच आईला विचारायचं. मोठ्या बायकांसाठी असेच दहा गट आहेत आणि तिथेही किमान पाच हवेत. शाकाहारी घरातही पाच गट गाठता येतात. मात्र त्यासाठी ठरवून स्वयंपाक करावा लागतो.

आपल्या मदतीपलीकडे गेलेलं, डॉक्टरांची गरज असलेलं मूल ओळखण्यासाठी दंडघेर मोजायची फीत जवळ ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या डाव्या दंडाचा मधोमध घेर मोजतात. ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कुपोषण तीव्र. ११५ ते १२५ च्या मधे असेल तर मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल, म्हणजे अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर घेर कितीही असो, ते तीव्रच. अशा मुलाला घरी भरपूर खाऊ घालून बरं करायचा विचार मनातही आणू नका. फार काळ उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढासळतो आणि त्यात जीवही जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं. मूल निपचित असेल, खात नसेल, किंवा सोबत ताप-जुलाब असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि चिठ्ठी देऊन पाठवण्यापेक्षा कुणीतरी बरोबर जा.

## पाचवी पायरी: शिकवण्याआधी शिकून घ्या

पोषणावरची भाषणं मला कधीच फारशी पटलेली नाहीत. ‘पालेभाज्या खा, फळं खा’ हे ऐकणाऱ्या बाईला ते माहीत असतं. परवडत नाही, ही तिची अडचण असते.

याला उत्तर म्हणून व्हिएतनाममधला एक अनुभव पाहण्यासारखा आहे. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेतर्फे तिथे गेलं. काम दाखवायला सरकारने त्यांना सहा महिने दिले होते. बाहेरून अन्न आणण्याऐवजी त्यांनी गावातच विचारलं: अत्यंत गरीब असूनही ज्यांची मुलं धडधाकट आहेत अशी घरं आहेत का? होती. त्या घरातल्या आया भातखाचरांतले बारीक झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या अन्नात घालत होत्या. हे दोन्ही फुकट मिळायचं, पण बाकीच्या घरांत लहान मुलांना द्यायची रीत नव्हती. शिवाय त्या मुलांना दिवसातून जास्त वेळा, थोडं थोडं भरवत होत्या आणि आधी हात धूत होत्या. मग बाकीच्या आयांना एकत्र स्वयंपाकाला बोलावलं गेलं. तिथे यायचं तर झिंगे, खेकडे किंवा पाला स्वतः गोळा करून आणायचा, अशी अट होती. नुसतं ऐकलेलं विसरतं, हाताने केलेलं राहतं.

तुम्हीही हेच करा. आठ-दहा आया, कुणाच्या तरी घरची चूल, त्या भागात सहज मिळणारं सामान, प्रत्येकीने मूठभर काहीतरी आणायचं, तिथेच शिजवायचं आणि मुलांना तिथेच भरवायचं. सलग बारा दिवस चाललं तर भूक वाढलेली आणि मूल हुशारलेलं आईला स्वतःलाच दिसतं, मग वेगळं पटवावं लागत नाही. शिकवणारी बाई बाहेरून आणू नका. ज्या गरीब घरात मूल चांगलं वाढतंय तिथल्या बाईला पुढे करा. बोलता बोलता एक-दोन गोष्टी सांगाव्यात, जास्त नाहीत. लोह असलेल्या पदार्थांसोबत आंबट फळ खाल्लं तर लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणासोबत चहा-कॉफी घेतली तर कमी. हे ऐकून बहुतेक जणी दुसऱ्याच दिवशी चहाची वेळ बदलतात, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

## हक्काचं आहे ते मिळवून द्या

आपली पिशवी महिन्याने संपते. सरकारी योजनेत नाव लागलं तर वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे गटातल्या किमान एका माणसाने फक्त अर्ज भरण्याचं काम घ्यावं. अडतं ते साध्या गोष्टींवर: नावातल्या स्पेलिंगचा फरक, जुना पत्ता, जन्मदाखला नसणं, कार्यालयाची वेळ कामाच्या वेळेतच असणं. एक तक्ता ठेवा. कोणाचा अर्ज कधी दिला, नाकारला तर कोणत्या कारणाने, पुन्हा कधी जायचं. तोंडी नकार मिळाला तर तो लेखी मागा. एकाच कारणाने चार-पाच अर्ज अडकलेले दिसले की ते सगळे एकत्र घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. एकट्या अर्जदाराला ही वाट सापडत नाही.

## मान राखण्याच्या गोष्टी

मदत घेणाऱ्याचा पिशवी हातात धरून फोटो काढू नका. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर पावत्या आणि साठ्याची नोंदवही दाखवा. रांग लावू नका, वेळा वाटून द्या. पिशव्या साध्या ठेवा, त्यांवर संस्थेचं नाव मोठ्या अक्षरांत असलं की गल्लीभर बातमी जाते. धर्म, पक्ष, जात यांची अट किंवा त्यांचा प्रचार मदतीला जोडू नका. निवडीचे निकष आधी ठरवून उघडपणे सांगा, म्हणजे ‘त्यांना मिळालं, आम्हाला का नाही’ या प्रश्नाला उत्तर देता येतं. आणि जे पुढच्या महिन्यात देता येईलच याची खात्री नाही त्याचा शब्द देऊ नका. लोक त्या शब्दावर घरखर्च आखतात.

## चालतंय का, हे कसं कळणार

किती पिशव्या वाटल्या हा आकडा फक्त तुमच्या मेहनतीचा आहे. घरात फरक पडला का हे कळण्यासाठी तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा, गेल्या तीस दिवसांबद्दल. किती घरांत जेवण टाळणं थांबलं? किती मुलांचे पाच गट होतात? दंडघेर वाढला का? किती नावं योजनेत लागली? आणि मधेच यायची थांबली ती घरं कोणती? त्यांच्याकडे जाऊन कारण विचारा. तिथेच सगळ्यात उपयोगी माहिती मिळते: वेळ चुकीची होती, कुणीतरी टोचून बोललं, सामान उचलून नेता येत नव्हतं.

एखादं घर सावरलं की त्याच्याशी बोलूनच मदत थांबवा. महिनाभर आधी सांगा, पुढच्या महिन्यात निम्मं सामान द्या, आणि पुन्हा अडचण आली तर नव्याने सगळी चौकशी न होता थेट कुणाला फोन करायचा तो नंबर लिहून द्या. यातल्या काही बायका पुढच्या स्वयंपाकाच्या बैठकीला स्वतः यायला तयार असतात. त्यांना बोलवा, आणि त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च गटाने द्यावा.